परदेशातून : वीज विकायला नव्हे, वापरायला

साताऱ्याहून दादाचा फोन आला तेव्हा त्याच्या हातात छपरावरच्या सोलरची दोन कोटेशनं होती, एक ३ किलोवॅटचं आणि एक ५ चं. पाचवाला घरी येऊन अण्णांना सांगून गेला होता, "काका, बिल शून्य होईल आणि वर वीज विकून पैसे येतील." अण्णांना ते पटलं होतं. दादा म्हणाला, "तुमच्याकडे तर घरोघरी सोलर आहे ना? मग तूच सांग काय करायचं ते."

घरोघरी नाही, पण ऑस्ट्रेलियात साधारण दर तीन घरांमागे एका घराच्या छपरावर पॅनेल आहेत. म्हणून महाराष्ट्रात आज जे प्रश्न उठतायत त्यांची उत्तरं आम्ही इथे आधीच अनुभवली आहेत, आणि ती मला घरच्यांना सांगावीशी वाटतात.

मेलबर्नच्या आमच्या घरावर २०१९ साली ६.६ किलोवॅटची पॅनेल आणि ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) बसला. त्या जुलैपासून आमच्या व्हिक्टोरिया राज्यात ग्रीडला, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्याला, दिलेल्या युनिटला किमान १२ सेंट मिळायचे. पुढच्या वर्षी १०.२ झाले, मग ६.७, ५.२, ४.९, आणि २०२४-२५ मध्ये ३.३. त्यानंतर तर तो दर जवळपास शून्यावरच आला. आम्ही हिशोब मांडला होता तो १२ सेंटवर.

शेजारच्या आजोबांनी फार आधी, सरकारी 'प्रीमियम' योजनेत पॅनेल लावली होती. त्यांना युनिटला ६० सेंट मिळायचे. ती योजना १ नोव्हेंबर २०२४ ला संपली. पण ती त्या तारखेला संपणार हे पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं आणि तोवर सरकारने शब्द पाळला. आता आजोबा दुपारी बारालाच कपडे धुवायला लावतात.

दर का पडला, ते आमच्या गल्लीतच दिसतं. ऑक्टोबरमधला एखादा स्वच्छ रविवार. ना हीटर लागतो ना एसी, आणि सगळी छपरं एकाच वेळी वीज ओततायत. तारेतलं व्होल्टेज चढतं आणि गॅरेजमधला आमचा इन्व्हर्टर आपणहून उत्पादन कमी करतो. मोबाइलवर आलेखाचा छान डोंगर चढत असतो, त्याचा माथा बाराच्या सुमाराला कोयत्याने छाटल्यासारखा सपाट होतो. अशा दुपारी घाऊक बाजारात विजेचा भाव शून्याखाली जातो. आणि संध्याकाळी सहाला सगळे घरी येऊन स्वयंपाकाला लागतात, तेव्हा तीच वीज महाग झालेली असते. म्हणून १ जुलै २०२५ पासून इथलं केंद्र सरकार घरगुती बॅटरीला सवलत देतंय.

महाराष्ट्रातला वाद याच वळणावर आलाय. २०२५ च्या सुरुवातीला महावितरणच्या दरप्रस्तावात दिवसा तयार झालेलं युनिट दिवसाच्याच वापरातून वजा करायचा मुद्दा आला, तेव्हा सोलर बसवलेली माणसं चिडली. ते योग्यच होतं. संध्याकाळी पंखा-टीव्हीला वापरलेलं युनिट दुपारच्या युनिटने फिटेल, याच भरवशावर त्यांनी कर्ज काढलं होतं. ज्यांनी आधी पैसे घातले त्यांच्या अटी मध्येच बदलू नयेत, हे मला मनापासून वाटतं. पण दुपारच्या आणि रात्रीच्या युनिटची किंमत कायम सारखी राहील, असं नव्या ग्राहकाला सांगणंही बरोबर नाही. इथे ती राहिली नाही. तिथेही छपरं वाढली की राहणार नाही.

म्हणून मी दादाला बिल घेऊन बसायला सांगितलं. त्यांचा वापर महिन्याला २०० ते २५० युनिट. आपल्याकडे १ किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिट देतो, म्हणजे महिन्याला १२०. पावसाळ्यात त्याहून बरीच कमी मिळतात, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. म्हणजे या घराला २ किलोवॅट पुरतात. छपरावरच्या सोलरसाठी असलेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये अनुदान मिळतं, तिसऱ्याला १८,०००, आणि ७८,००० च्या वर काही नाही. म्हणजे पाचातले शेवटचे दोन पूर्ण स्वतःच्या खिशातून, आणि त्यांची वीज जाणार ग्रीडला. ३१ मार्चला वर्षाचा हिशोब होतो, तेव्हा वापरून उरलेल्या युनिटला जो दर मिळतो तो आपण भरतो त्याच्या जवळपासही नसतो. बिल शून्य होईल हेही खरं नाही. स्थिर आकार राहतोच.

खरा फायदा कुठे आहे, तर वरच्या टप्प्यातली महाग युनिटं कापली जातात तिथे. महिन्याला ४०० युनिट जाळणाऱ्याचे पैसे लवकर सुटतात. शंभराच्या आत वापरणाऱ्याला वीज मुळातच स्वस्त पडते, त्याने घाई करू नये.

एक गोष्ट अण्णांना कुणीच सांगितली नव्हती. लाइट गेली की हे सोलरही बंद पडतं. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. भर उन्हात गच्चीवर पॅनेल आणि खाली पंखा बंद, असं होणार. त्यावर बॅटरी हाच उपाय आणि तिचा खर्च वेगळा.

आणि माणूस बघून काम द्या. आमची पॅनेल ज्या कंपनीने बसवली ती दोन वर्षांत गुंडाळली गेली. चौथ्या वर्षी इन्व्हर्टर गेला. लाल दिवा लागलेला होता, पण गॅरेजच्या त्या कोपऱ्यात कुणी गेलंच नाही, आणि तीन महिन्यांनी बिल आलं तेव्हा कळलं. हमीचा कागद होता, पण फोन उचलायला कुणी नव्हतं. नवा इन्व्हर्टर पदरचे पैसे घालून घेतला. साताऱ्यात बसवणारा साताऱ्याचाच असावा, दहा हजार रुपये जास्त गेले तरी चालतील.

एवढं सगळं होऊनही मी पॅनेल काढून टाकायचा विचार कधी केला नाही. विकत घेतलेलं युनिट इथे २५ सेंटच्या पुढे पडतं आणि दिवसा घरात वापरलेलं प्रत्येक युनिट तेवढे वाचवतं. डिशवॉशर, वॉशिंग मशीन, गाडीचं चार्जिंग असं सगळं आम्ही दहा ते तीनमध्ये बसवलंय. साताऱ्यालाही हे जमेल. अण्णा पहाटे सहाला टाकीची मोटर लावतात, ती अकराला लावायची. इस्त्री दुपारी. आई म्हणाली, इंडक्शनवर डाळ-भाताचा कुकर साडेअकराला लावते, सिलिंडरही वाचेल.

माझ्या मनाला लागतं ते पुण्याच्या मावशीचं. ती चौथ्या मजल्यावर भाड्याने राहते आणि बिल अण्णांच्या दीडपट भरते. सोसायटीला लिफ्ट आणि पंपासाठी किलोवॅटला १८,००० अनुदान आहे, पण तिच्या मीटरला त्यातलं काही मिळत नाही. मेलबर्नमध्येही भाडेकरू असेच बाहेर राहिले. छप्पर असलेल्यांचं बिल उतरतं, तारा आणि खांब सांभाळायचा खर्च मात्र तेवढाच राहतो आणि तो छप्पर नसलेल्यांवर सरकतो. महाराष्ट्रात दराच्या वादात मावशीसारख्यांची बाजू मांडायला कुणी उभं राहिलेलं मला दिसलं नाही.

परवा दादाने फोटो पाठवला. दोन किलोवॅटचं ठरलंय. शेजाऱ्यांचा नारळ दक्षिणेला आहे, त्याची सावली नऊ, बारा आणि तीन वाजता कुठवर येते ते अण्णांनी गच्चीवर खडूने आखून ठेवलंय, रेघेशेजारी वेळ लिहून. मी म्हटलं, अण्णा, डिसेंबरात पुन्हा आखा. तेव्हा सूर्य दक्षिणेला कलतो आणि सावली सगळ्यात लांब पडते. पॅनेल त्या रेघेच्या पलीकडे बसवू.