टर्बो डिझेलला ‘बॅक प्रेशर’ हवाच, हा समज

यवतमाळ-वणी भागातल्या गाडीमालकांत सध्या मोबाइलवरून एक संदेश फिरतो आहे. टर्बो डिझेलला (धुराच्या जोरावर फिरणाऱ्या चाकाने जास्त हवा कोंबणाऱ्या इंजिनाला) ताकदीसाठी बॅक प्रेशर, म्हणजे धुराला बाहेर पडताना होणारा उलटा दाब, हवाच, बूस्ट गेज (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब दाखवणारा काटा) असताना बॅक प्रेशर गेज लावणे म्हणजे वायफळ खर्च, आणि तरीही तो लावून काटा चढलेला दिसला तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवून नंतर जाळणारी गाळणी) कापून टाका, असे त्याचे म्हणणे आहे. यातले एकही विधान मला मान्य नाही.

पहिला समज टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनावरून आलेला आहे. तेथे फार रुंद नळी लावली की धुराचा वेग मंदावतो आणि कमी आरपीएमवर ओढ घटते. म्हणजे उपयोग वेगाचा असतो, दाबाचा नव्हे. टर्बोचे धुराकडचे चाक, म्हणजे टर्बाइन, तर आपल्या अलीकडच्या व पलीकडच्या दाबातील फरकावरच फिरते. पलीकडे दाब साचला की बूस्ट उशिरा येतो, धुराचे तापमान वाढते आणि धूर बाहेर ढकलण्यातच इंजिनाची शक्ती खर्ची पडते.

दुसऱ्या विधानातली फसगत सहज लक्षात येत नाही. आजच्या अनेक डिझेल गाड्यांत टर्बोची पाती हलती असतात. काजळीने वाट अडून बूस्ट कमी पडू लागला, तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पाती आवळून तो भरून काढतो. बूस्टचा काटा जागच्या जागी राहतो आणि अडथळा मात्र वाढत जातो. म्हणूनच गेजची नळी टर्बोनंतर, पण डीपीएफच्या आधी जोडावी. टर्बोच्या आधीचा दाब मुळातच जास्त असतो, त्याच्याशी हा आकडा ताडून पाहू नये. भोक पाडण्यापूर्वी पाइप उतरवून घ्यावा, नाहीतर लोखंडाचा कीस पुढे डीपीएफमध्ये जातो. गेजपर्यंत थेट रबरी नळी नेऊ नये. आधी तांब्याची किंवा स्टीलची वेटोळी नळी हवी, म्हणजे धूर थंड होतो, आणि ती चढती ठेवावी, म्हणजे साचलेले पाणी परत उतरते. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक बीएस-६ डिझेल गाड्यांत डीपीएफच्या दोन्ही बाजूंतील दाबफरक मोजणारा सेन्सर आधीच असतो. वेल्डिंगवाल्याकडे जाण्यापूर्वी तो आकडा ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणाऱ्या यंत्रावर) पाहावा.

काटा चढला म्हणजे डीपीएफ निकामी झाला, असे होत नाही. घरून वावरात आणि वावरातून घरी अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत काजळी जाळण्याइतके, म्हणजे सुमारे ६०० अंशांचे, तापमान टिकतच नाही. नागपूरच्या चौपदरी रस्त्यावर अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवल्यावर, त्याच गिअरात व त्याच आरपीएमला काटा खाली आला, तर दोष काजळीचा होता. आला नाही, तर गळका इंजेक्टर, फाटका इंटरकूलर होज (टर्बोकडून येणाऱ्या हवेची नळी) किंवा चुकीच्या ऑइलची न जळणारी राख तपासावी. डीपीएफ कापल्याने यांपैकी काहीच दुरुस्त होत नाही. कायदा मोडतो, आणि काजळी आपल्याच अंगणात पडते.

काजळी जळत असताना किंवा नुकती जळून गेल्यावर गाडी वाळल्या गवतावर अथवा पऱ्हाटीच्या ढिगाजवळ उभी करू नये. पाइप तेव्हा आग लावण्याइतका तापलेला असतो.