सॉल्फर्डच्या गिरणीत

आईला फोनवर सांगितलं, "अगं, आमचं ऑफिस लंडनहून मँचेस्टरला चाललंय." पलीकडे डोंबिवलीत थोडा वेळ कुकरच्या शिट्ट्यांशिवाय काही ऐकू आलं नाही. मग काळजीच्या सुरात प्रश्न आला, "म्हणजे रे? गिरणीत घेतायत का तुला?"

तिचंही बरोबर होतं. आजोबा परळच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. साच्यावर बिडात उठवलेली इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नसत, पण ती लँकेशायरची, म्हणजे मँचेस्टरच्याच मुलखाची आहेत एवढं ठाऊक होतं. आमच्या घरात लंडन म्हणजे राणी आणि मँचेस्टर म्हणजे भोंगा.

साल २०१२. वर्षभरापूर्वी बीबीसीनं खेळ, मुलांचे कार्यक्रम, 'फाइव्ह लाइव्ह' रेडिओ असं अर्धं बिऱ्हाड उचलून मँचेस्टरला लागून असलेल्या सॉल्फर्डच्या जुन्या गोदीत मांडायला घेतलं होतं, आणि आता सकाळच्या बातम्यांचं 'ब्रेकफास्ट'ही निघालं होतं. दोन हजारांवर नोकऱ्या. मुद्दा बिनतोड होता: तेव्हा वर्षाला एकशे साडेपंचेचाळीस पौंडांचं टीव्हीचं लायसन्स सगळा देश भरायचा, मग पगार लंडनलाच का वाटायचे? म्हैस उठली की तिच्या पाठीवरच्या बगळ्यांनाही उठावं लागतं. आमची छोटी कंपनी त्या बगळ्यांपैकी एक.

आमचा धंदा सबटायटलचा. थेट कार्यक्रमाची सबटायटलं कुणीतरी खाडखाड टाइप करत असेल असं लोकांना वाटतं. तसं नसतं. कानाला हेडफोन लावायचा, निवेदक बोलेल ते मेल्या आवाजात माइकमध्ये पुन्हा बोलायचं, आणि आपल्या आवाजाला सरावलेलं सॉफ्टवेअर ते लिहून काढतं. विरामचिन्हंसुद्धा तोंडानं उच्चारावी लागतात. दिवसभर हे केलं की घरी जिभेला लगाम राहत नाही. "आमटीत मीठ कमी आहे फुल स्टॉप" असं मी एकदा म्हणालो होतो. बायकोनं त्यापुढे वाढलंच नाही.

लंडनच्या सहकाऱ्यांनी निरोप दिला तो अंदमानला पाठवल्यासारखा. "तिकडे सारखा पाऊस असतो म्हणे," असं एकजण हळहळला. अरे, मी जुलैत दादर पाहिलेला माणूस! दुसरी म्हणाली, "युस्टनहून सव्वादोन तास लागतात, कल्पना कर." डोंबिवलीहून चर्चगेटला जाऊन-येऊन वडिलांची तीस वर्षं गेली. कल्पना काय करायची?

खरा घोळ घरात झाला. बायकोची नोकरी लंडनची. कंपनीनं दोन वर्षं तिकडच्या खोलीचं भाडं कबूल केलं होतं, तेव्हा वेंब्लीचं घर सोडायचं नाही असं ठरलं. मी सोमवार ते शुक्रवार एकल्समध्ये, शनिवार-रविवार वेंब्लीत. कागदावर फार सुटसुटीत दिसतं हे. प्रत्यक्षात पोळपाट वेंब्लीत आणि लाटणं एकल्समध्ये अशी संसाराची फाळणी झाली. सहा महिने मी ताटाच्या पाठीवर पोळ्या लाटल्या. ताटाची पाठ सपाट नसते, मध्ये एक वर्तुळ असतं. त्यामुळे माझ्या प्रत्येक पोळीवर स्टीलच्या कारखान्याचा शिक्का उमटे. तिकडे वेंब्लीत बायको लाटणं नाही म्हणून रोज भात करत होती, आणि मला वाटे ही विरहानं पोळी सोडून बसलीय.

शेवटी सातव्या महिन्यात तीच म्हणाली, "येते मी तिकडे. बघू तरी." आली ती गाडीत मांडीवर तुळशीची कुंडी घेऊन. काही महिन्यांपूर्वीच 'ब्ल्यू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमाची लंडनमधली १९७४ सालापासूनची बागही उचलून सॉल्फर्डला आणली होती, तिथल्या कुत्रीच्या पुतळ्यासकट, आणि उद्घाटनाला राजकन्या अ‍ॅन आल्या होत्या. आमच्या तुळशीला फक्त तिकीट तपासनीस भेटला. त्यानं ती पुदिना आहे का असं विचारलं.

इथल्या भाषेनं मला धंद्यातच गाठलं. हे लोक 'बस'ला 'बुस' म्हणतात, 'कप'ला 'कुप'. ऐकून ऐकून माझीही जीभ वळली, आणि डोंबिवलीच्या इंग्रजीवर वाढलेलं सॉफ्टवेअर बिचकलं. एका सकाळी वाहतुकीच्या बातम्यांत मी 'बुस' म्हणालो, त्यानं 'बूझ' लिहिलं. शहरातली दारू वीस मिनिटं उशिरा धावत आहे, असं पडद्यावर झळकलं. साहेब रागावले. मात्र तक्रार एकही आली नाही.

शेजारच्या आजींनी एकदा कुंपणावरून हाक मारली, "साडेपाचला चहाला या गं, लव्ह." चहाच तर, म्हणून आम्ही पाच वाजता पोटभर दडपे पोहे खाल्ले आणि खारीचा पुडा घेऊन गेलो. टेबलावर चीज-कांद्याचं सारण भरलेला 'पाय', चिप्स, शिजवून घोटलेले वाटाणे, आणि मागून कस्टर्ड. या मुलखात 'चहा' म्हणजे रात्रीचं जेवण! चहा विचारून न देणारी गावं आम्ही पाहिली होती, चहा सांगून जेवायला घालणारं हे पहिलंच. आजींनी खारीचा तुकडा मोडून पाहिला आणि "भरायचं राहिलं वाटतं आत," असं म्हणाल्या. एक गोष्ट मात्र त्यांच्यासमोर बोलायची नाही: सॉल्फर्डला मँचेस्टर म्हणायचं नाही. मध्ये एवढीशी अर्वेल नदी आहे, पण ती ओलांडली की शहर वेगळं. पिंपरी-चिंचवडच्या माणसाला पुणेकर म्हणून बघा, म्हणजे कळेल.

पुढच्या उन्हाळ्यात आई आली. तुळशीला मंजिऱ्या धरलेल्या पाहून तिचं निम्मं समाधान झालं. मग ट्रामनं मी तिला ऑफिस दाखवायला नेलं. पाण्याच्या कडेनं काचेच्या इमारती, कॉफीचे पेले घेऊन हिंडणारी पोरं. आई शोधक नजरेनं बघत होती.

"धुराडं कुठाय?"

"आई, ही गिरणी नाही. गोदी होती इथे. कापसाची जहाजं यायची."

"मग?"

"बंद पडली. ब्याऐंशी साली."

ती चालता चालता थांबली. "आपल्या संपाच्याच वर्षी?" आजोबा शेवटचे कामावर गेले ते त्या जानेवारीत. त्यांच्या गिरणीच्या आवारात आता एका वृत्तवाहिनीचं ऑफिस आहे. मागल्या खेपेला टॅक्सीतून मीच तिला ते दाखवलं होतं.

आईनं सगळ्या काचा एकदा खालपासून वरपर्यंत पाहिल्या.

"म्हणजे इथेही टीव्हीवालेच आले का रे?"

"हो फुल स्टॉप," मी म्हणालो.