जेलीचा ठोकळा पालथा पडतो का?

शनिवारी आमच्याकडे डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळायला एक नवा मुलगा आला होता. वय चोवीस. बाल्डर्स गेट थ्री हा व्हिडिओ गेम खेळून या नादाला लागलेला, मला ताई म्हणतो. भडंगाचा वाडगा मांडीवर घेऊन माझं पुस्तकांचं कपाट उचकत होता. एक जाड पुस्तक बाहेर काढून म्हणाला, "ताई, हीच का ती वाईट एडिशन?"

मी तोंड उघडायच्या आत पलीकडून उत्तर आलं, "हीच. हात धुऊन ये."

हा पलीकडचा माझा ओहायोपासूनचा मित्र. आम्ही तिथे एमएस करत होतो, एकाच टेबलावर खेळलो, दोघंही पुण्याला परत आलो, आणि डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या फोर्थ एडिशनवर आमचं आजवर एकदाही पटलेलं नाही. तो माझ्या आधी दोन वर्षं खेळत होता. हे 'आधी' महत्त्वाचं आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं. एक जण डीएम (डन्जन मास्टर), तो गोष्ट चालवतो आणि राक्षसांच्या वतीनेही तोच खेळतो. काही धोक्याचं करायचं म्हटलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 1974 साली अमेरिकेत हे सुरू केलं. अधूनमधून नियमांची नवी एडिशन निघते आणि घरात वाटण्या झाल्यासारखं होतं. 2008च्या जूनमध्ये चौथी आली तेव्हाच्या वाटण्यांइतक्या कडू वाटण्या मी तरी दुसऱ्या पाहिल्या नाहीत.

एक तर आधीची, म्हणजे 3.5ची (तिसरीच, पण सुधारून काढलेली) पुस्तकं 2003ची होती आणि पाच वर्षांत लोकांनी कपाटं भरून ठेवली होती. तिसऱ्या एडिशनचं लायसन्स इतकं मोकळं होतं की कुणीही त्यावर पुस्तकं काढावीत. चौथीचं तसं नव्हतं. पायझो या प्रकाशकाने जुनेच नियम घासूनपुसून 2009 मध्ये पाथफाइंडर हा खेळ आणला आणि कितीतरी मंडळी तिकडे राहायला गेली. बार्ड, ड्रुइड, मंक हे पात्रांचे प्रकार चौथीच्या पहिल्या पुस्तकात नव्हतेच. ज्याचा बार्ड चार वर्षं चालू होता त्याने पुढच्या पुस्तकाची वाट बघत बसायचं.

हे सगळं लोकांनी गिळलंही असतं. पण पुस्तक उघडलं की रंगीत पट्ट्या दिसायच्या. हिरवी पट्टी म्हणजे हवी तितक्यांदा करता येणारी गोष्ट, लाल म्हणजे एका लढाईत एकदा, काळी म्हणजे दिवसातून एकदा. हत्यारवाल्या फायटरला पट्ट्या, मंत्रवाल्या विझार्डला पट्ट्या, देवाधर्माच्या क्लेरिकलाही त्याच. अंतरं फुटांऐवजी चौकटींत. तिरकं गेलं तरी चौकट एकच मोजायची, त्यामुळे फायरबॉल या मंत्राचा आगीचा गोळा चक्क चौकोनी झाला. (पायथागोरसला दाराबाहेर चपलांपाशी बसवलं होतं.) जुने खेळाडू म्हणाले, हा तर वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा कॉम्प्युटर गेमच कागदावर.

माझा मित्र त्यांतलाच. त्याचं दुखणं मला तेव्हा कळत नव्हतं, आता कळतं. 3.5 मध्ये विझार्ड सुरुवातीला अगदी कंगाल असायचा. पहिल्या लेव्हलला दोन मंत्र म्हटले की खिसा रिकामा, मग दिवसभर क्रॉसबो. पण तग धरला तर दहाव्या-बाराव्या लेव्हलला तो उडतो, अदृश्य होतो, वाटेत भिंत उभी करतो, अख्ख्या पार्टीला दुसऱ्या शहरात नेऊन सोडतो. ती त्याची कमाई होती. फोर्थ एडिशनने त्याला पहिल्या दिवसापासून हवे तितके मॅजिक मिसाइल दिले आणि मोठी जादू काढून रिच्युअल नावाच्या वेगळ्या खात्यात टाकली. कुलूप उघडायचंय? दहा मिनिटं बसा, पैसे मोजा. त्याचं म्हणणं असं, "जमीनदार होतो, पगारदार झालो."

मी फायटर होते.

मी टेबलावर आले ती 2008च्या मार्चमध्ये. त्याच महिन्यात गायगॅक्स वारले, त्यामुळे महिना पक्का लक्षात आहे. म्हणजे 3.5चे शेवटचे तीन महिने माझ्या वाट्याला आले, आणि त्या तीन महिन्यांत माझी पाळी आली की मी एकच शब्द बोलायचे, "मारते." फासा पडायचा, लागायचं किंवा नाही लागायचं, चला पुढे. विझार्डची पाळी दहा मिनिटं चालायची, माझी दहा सेकंद. मधल्या वेळात मी सगळ्यांसाठी पिझ्झा मागवायचे. अतिशयोक्ती नाही, ते खरंच माझं काम होऊन बसलं होतं.

जूनमध्ये नवी पुस्तकं आली आणि माझ्या फायटरला 'मार्क' मिळाला. मी ज्याच्यावर वार करीन तो माझा. मला सोडून त्याने दुसऱ्या कुणाला मारायचं ठरवलं तर त्याच्या फाशाला वजा दोन, आणि तो माझ्या शेजारी उभा असेल तर वर माझा एक फुकटचा वार. पहिल्याच लढाईत एक ऑर्क मला सोडून विझार्डवर वार करायला निघाला. मी म्हटलं, "थांब." डीएमने उचललेला फासा खाली ठेवला. टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या रात्री पिझ्झा विझार्डने मागवला.

तेव्हापासून कुणी या एडिशनवर तावातावाने बोलायला लागलं की मी आधी एवढंच विचारते, तू तेव्हा काय खेळत होतास? नव्वद टक्के मत त्या उत्तरातच असतं. हे भांडण नियमांपेक्षा वाटणीचं आहे. ज्याचा हिस्सा कमी झाला त्याला एडिशन वाईट, ज्याला पहिल्यांदाच काहीतरी मिळालं त्याला चांगली. डीएम लोकांना तर ती बहुतेक वेळा आवडलेलीच सापडेल. 3.5 मध्ये जादू येणारा राक्षस आणायचा म्हणजे त्याच्या मंत्रांसाठी दुसरं पुस्तक उघडून बसावं लागे. इथे सगळं एका चौकटीत छापलेलं. आणि मिनियन! हिट पॉइंट म्हणजे मार सोसायची ताकद; ही एकेक हिट पॉइंटवाली फौज, लागला वार की आडवी. आमच्याकडे मिनियन म्हणून शेंगदाणे मांडतात. मेला की मारणाऱ्याने खायचा.

सगळ्यात जास्त वाद मी ऐकले ते वॉरलॉर्ड या पात्रावर. याला जादू येत नाही. हा लढाईत साथीदाराला ओरडून उठवतो आणि त्या साथीदाराचे हिट पॉइंट्स परत येतात. लोक विचारायचे, ओरडून जखम भरते का?

मला हा प्रश्न पडलाच नाही, कारण आजोबा मला लहानपणी यात्रेतल्या कुस्त्या बघायला न्यायचे. खाली दबलेला पैलवान, तोंडात माती, छातीचा भाता झालेला. कडेला बसलेला वस्ताद नाव घेऊन एकच हाक मारतो आणि तो गडी मानेवर जोर देऊन उठतो. जखम कुठे भरलेली असते? दम आलेला असतो. हिट पॉइंट म्हणजे नुसतं रक्तमांस नव्हे, त्यात कसब आलं, नशीब आलं, हे खुद्द गायगॅक्सने 1979च्या डीएमच्या पुस्तकात लिहून ठेवलंय. चौथीत तर तो दम मोजूनच दिला होता. त्याला हीलिंग सर्ज म्हणतात. दिवसाला ठरावीक मिळायचे, आणि एक खर्च केला की एकूण हिट पॉइंट्सचा पाव हिस्सा परत. ते संपले की वॉरलॉर्डने घसा फाटेस्तोवर ओरडावं, फारसं काही होत नाही. आखाड्यातही होत नाही.

आता चौथीची बाजू घेते म्हणून खोटं बोलणार नाही. लढाया संपता संपत नसत. सुरुवातीच्या मॉन्स्टर मॅन्युअलमधले बडे राक्षस म्हणजे हिट पॉइंट्सची गोदामं. आपण जिंकणार हे ठरलेलं, तरी पुढे तासभर नुसतं तासत बसायचं. 2010च्या तिसऱ्या मॉन्स्टर मॅन्युअलपासून राक्षस जोरात मारायला लागले आणि जीव आला, पण तोवर बरेच जण उठून गेले होते. त्यात कोण मार्क झालंय, कोण आंधळं, कोण मंदावलंय याचे हिशोब. आम्ही कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या झाकणाखाली उरते ती प्लास्टिकची रिंग मिनिएचरच्या, म्हणजे पटावरच्या छोट्या बाहुलीच्या, गळ्यात घालायचो. लाल म्हणजे मार्क, निळी म्हणजे स्लो. एकदा एका ट्रोलच्या गळ्यात पाच रिंगा झाल्या आणि हिरवी कशाची ते कुणालाच आठवेना. ती लढाई पावणेतीन तास चालली. गोष्ट तेवढ्या वेळात जागची हलली नाही.

स्किल चॅलेंज, म्हणजे लढाईबाहेरचे प्रसंग फाशांवर सोडवायचा प्रकार, त्याबद्दल मी बोलणारच नाही.

आणि तरीही, नाकं मुरडणारे आज तिचंच खातात. 2014च्या पाचव्या एडिशनमधला विझार्ड छोटे मंत्र हवे तितक्यांदा म्हणतो आणि जरा टेकलं की सगळ्यांना स्वतःचा दम भरून काढता येतो. हिट पॉइंट्स निम्म्यावर आलेल्याला 'ब्लडीड' म्हणायचं हा चौथीचा शब्द 2024च्या पुस्तकात परत आलाय. हे मित्राला ऐकवलं की तो म्हणतो, "वाडा पाडला की दारं-खिडक्या लोक नेतातच. म्हणून काय वाडा राहण्यासारखा होता?" त्यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

शेवटी मुलगाच म्हणाला, एकदा खेळूनच बघू. त्याला फायटर दिला, मित्राला अर्थात विझार्ड, आणि मी डीएम होऊन जेलीचा ठोकळा हा राक्षस आणला. दहा फुटी पारदर्शक चौकोनी जेली, बोळातून सरकत येते आणि वाटेत येईल ते गिळते. मुलाने कार्ड वाचलं: स्पिनिंग स्वीप, वार लागला की शत्रू पालथा. फाशावर सतरा.

"ठोकळा पालथा?" मित्र ताडकन उठला. "पाय कुठेत त्याला?"

हा वादही या एडिशनइतकाच जुना. साप, मासे, जेली असल्या प्राण्यांना पाडलं तर ते आडवे न होता डळमळले असं समजा, असा खुलासा चौथीच्या नियमपुस्तकाने 2010 मध्ये केला होता. पाचवीने सरळ लिहून टाकलं की ठोकळा पालथा पडत नाही. मला ही दुसरी सोय मुळीच आवडत नाही. विझार्डच्या मंत्राला कुणी विचारत नाही तो कसा चालतो, आणि फायटरने एक युक्ती केली की लगेच पदार्थविज्ञान. मी पालथा दिला.

"सहा बाजू आहेत," मित्र म्हणाला. "पालथी कुठली?"

त्याच्या तळमळीचं कारण मला ठाऊक होतं. पालथ्या शत्रूवर दुरून मारणाऱ्याला वजा दोन असतात, शेजारी उभा असलेल्याला नसतात. मुलाला ते आता पुस्तकात सापडलं. तोंडातला शेंगदाणा संपवून तो म्हणाला, "काका, मग जवळ या की."