एक्सेलमधल्या सेलचा (खान्याचा) रंग एका ओळीत मिळतो म्हणे!

चवथ जवळ आली की फोंडा-म्हापशाकडच्या दुकानांत उधारीची एक्सेल शीट रंगांनी भरून जाते: थकलं ते पिवळं, आलं ते हिरवं. हिशेबनिसांमध्ये सध्या एक सल्ला फिरतोय: "पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली, एक्सेल फाइल वाचणारी ओपनपायएक्सएल लायब्ररी घ्या, एका ओळीत सेलचा रंग मिळतो. पिवळ्याच्या सहा अक्षरी कोडशी जुळवून पिवळे मोजा, थकबाकी तयार. पांडाज या दुसऱ्या लायब्ररीनेही होतं."

पांडाजचं सोडूनच द्या. ते सेलमधला मजकूर उचलतं, रंगाकडे बघतही नाही.

एका ओळीचं म्हणणं अर्धं खरं. एक्सेलच्या रंगपट्टीत 'स्टँडर्ड' रंगांतला पिवळा हाताने भरला असेल तर रंगाचा कोड मिळतो, पण तो आठ अक्षरी असतो. पहिली दोन पारदर्शकतेची. सल्ल्यात तुलना सहा अक्षरांशी आहे. म्हणजे एकही पिवळा सापडणार नाही, थकबाकी शून्य येईल आणि एररसुद्धा दिसणार नाही. दुकानदार खूश!

पण लोक रंग बहुधा त्याच पट्टीतल्या वरच्या थीमच्या (तयार रंगसंचाच्या) चौकटींतून उचलतात. तिथे फाइलमध्ये कोड नसतोच. २०१३ च्या ऑफिस थीममधला ६० टक्के फिकट सोनेरी घेतलात तर नोंद असते थीम ७ (संचातल्या रंगाचा क्रमांक), टिंट (फिकेपणा) साधारण ०.६. त्याचा आरजीबी (लाल-हिरव्या-निळ्याचा कोड) मागितला की रंगाऐवजी एररचं वाक्य हातात पडतं, तेही साध्या मजकुरासारखं. म्हणून आधी रंगाचा प्रकार विचारायचा: आरजीबी, थीम की इंडेक्स्ड (जुन्या ठरावीक यादीतला क्रमांक). फिल-टाइपही (सेल रंगवलाय की नाही) बघायचा, नाहीतर न रंगवलेल्या सेलचे आठ शून्य काळा रंग म्हणून मोजले जातात.

"पडद्यावर दिसतं ते फाइलमध्ये असतंच" हे तर साफ चूक. ३० दिवस उलटले की सेल आपोआप पिवळा, असा कंडिशनल फॉरमॅटिंगचा नियम लावला असेल तर त्या सेलच्या फिलमध्ये काहीच नसतं. नियम शीटमध्ये वेगळा असतो. एक्सेल तो चालवतं, ओपनपायएक्सएल नुसता वाचतं. अशा वेळी रंगामागे धावण्यापेक्षा तारखेचा कॉलम घेऊन तीच अट स्क्रिप्टमध्ये लिहिलेली बरी. रंगच हवा असेल तर विंडोजवर एक्सेल उघडून पायविन३२ मधून (पायथनने एक्सेल चालवणारी लायब्ररी) डिस्प्लेफॉरमॅट, म्हणजे पडद्यावर दिसणारं रूप, विचारा. २०१० पासून ती सोय आहे. मात्र तिथे लाल-निळ्याचा क्रम उलटा असतो, आणि शुद्ध पिवळा ६५५३५ म्हणून येतो.