‘सोपा गट’ म्हणणाऱ्यांनी आधी गटाचं गणित मांडावं

जुलै २०२५पासून एक मेसेज जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. मध्ये थंडावला होता, पण नोव्हेंबरात आपला पुरुष फुटबॉल संघ ढाक्यात बांगलादेशकडून हरला आणि त्याला पुन्हा पालवी फुटली. मजकूर थोडक्यात असा: भारतीय महिला फुटबॉल संघ २०२६च्या आशियाई चषकाला पात्र ठरला तो निव्वळ सोपा गट मिळाला म्हणून. मंगोलिया, तिमोर-लेस्ते आणि इराकला तर आपल्या भुसावळच्या पोरींनीही हरवलं असतं. स्पर्धेत संघ वाढवले म्हणून दार उघडलं. पुरुषांना असा गट मिळता तर तेही गेले असते. २०२२ला यजमान म्हणून फुकट जागा मिळाली तेव्हा या मैदान सोडून पळाल्या, आणि आता ऑस्ट्रेलियात दहा-दहा गोल खाऊन येतील. शेवटी हसरे चेहरे आणि ‘सत्य कटू असतं’.

‘बठ्ठं सोपं व्हतं भो,’ असं पारावर बसून म्हणायला काही हरकत नाही. पण लिहून चार गावं फिरवायचं तर निदान गटातले संघ तरी मोजावेत.

पात्रता फेरीच्या गट ‘ब’मध्ये पाच संघ होते. भारत धरून मेसेजात चारच सापडतात. गाळलेला पाचवा संघ थायलंड, आणि सगळी मेख तिथेच आहे. २०१५ आणि २०१९ असे दोन विश्वचषक खेळलेला हा संघ. पात्रता फेरीच्या वेळी जागतिक क्रमवारीत तो ४६वा होता, भारत ७०वा. गटाचे सगळे सामने झाले थायलंडच्याच चिआंग माईत, म्हणजे मैदान त्यांचं, हवा त्यांची, प्रेक्षक त्यांचे. आणि गटातून एकच संघ पुढे जाणार होता. दुसऱ्या क्रमांकाला काही नाही, घरी जा. क्रमवारीत चोवीस पायऱ्या वर असलेल्या संघाला त्याच्या घरात हरवल्याशिवाय जो गट सुटत नाही, तो सोपा म्हणायचा असेल तर खुशाल म्हणा.

आता त्या तेरा गोलांकडे येऊ, कारण टिंगल सर्वांत जास्त त्यांचीच होते. २३ जून २०२५ला भारताने मंगोलियाला १३-० हरवलं. एकट्या प्यारी खाखाचे पाच गोल. ‘दुबळ्यांना मारण्यात कसली मर्दुमकी?’ असा प्रश्न आमच्या एका ग्रुपवर एका काकांनी विचारला. काका क्रिकेटवाले, नेट रनरेटचा हिशोब त्यांना तोंडपाठ. तोच हिशोब इथे लावा. तिमोर-लेस्तेवर ४-०, इराकवर ५-०. म्हणजे तीन सामन्यांत नऊ गुण आणि गोलफरक, म्हणजे मारलेल्या गोलांतून खाल्लेले वजा, अधिक २२. तिकडे थायलंडनेही याच तिघांना हरवलं होतं. त्यांचेही नऊ गुण आणि गोलफरकही नेमका अधिक २२.

५ जुलैच्या थायलंडविरुद्धच्या शेवटच्या सामन्याआधीचा तक्ता असा काट्यावर होता. मंगोलियावर आपण १२-० वर थांबलो असतो, तर गोलफरक २१ झाला असता आणि थायलंडला घरच्या मैदानावर नुसती बरोबरी पुरली असती. तेरावा गोल झाला म्हणून बरोबरीचा फायदा त्यांना उरला नाही. सामना बरोबरीत सुटला असता तर पेनल्टी शूटआउट. मी तो तेरावा गोल हौसेचा मानत नाही, पाच-सहा गोल झाल्यावरही पाय सैल न सोडल्याचं ते फळ आहे. त्या शेवटच्या सामन्यात संगीता बासफोरने २८व्या मिनिटाला भारताला पुढे नेलं. मध्यंतर संपतं न संपतं तोच, ४७व्या मिनिटाला, थायलंडने बरोबरी साधली. तिथून ७४व्या मिनिटापर्यंतचा खेळ आठवा. १-१, समोर यजमान, आणि हाताशी असलेला एकमेव आधार म्हणजे बारा दिवसांपूर्वी मंगोलियावर मारलेले ते ‘फालतू’ गोल. मग पुन्हा संगीताच. २-१.

चार सामन्यांत २४ गोल मारले, एक खाल्ला. तो एक थायलंडचा.

संघ वाढवल्याचा मुद्दा अर्धा खरा आहे, तेवढा मान्य. महिलांच्या आशियाई चषकात २०१८पर्यंत आठ संघ असत, २०२२पासून बारा झाले. पण बारापैकी ऑस्ट्रेलिया यजमान म्हणून आधीच आत, आणि मागच्या वेळचे पहिले तीन, म्हणजे चीन, दक्षिण कोरिया आणि जपान, हेही आत. उरल्या आठ जागा. त्यांच्यासाठी पात्रता फेरीत ३४ संघ उतरले होते. वाढलेलं दार सगळ्यांसाठीच वाढलं होतं, थायलंडसाठीसुद्धा.

पुरुषांची तुलना मात्र मेसेज लिहिणाऱ्याने काढायला नको होती. २०२७च्या पुरुष आशियाई चषकात संघ आहेत २४, म्हणजे बरोबर दुप्पट. भारताच्या पात्रता गटात बांगलादेश, हाँगकाँग आणि सिंगापूर होते, आणि ड्रॉ निघाला तेव्हा चौघांत क्रमवारीत वर होतो आपणच. शिलाँगला बांगलादेशशी ०-०, हाँगकाँगमध्ये ०-१, सिंगापूरशी तिथे १-१ आणि गोव्यात १-२. गट संपायच्या आत संघ बाद. ढाक्यातला पराभव तर त्यानंतरचा, नुसत्या इज्जतीचा. मला पुरुष संघाला झोडपायचं नाही, सुनील छेत्रीला निवृत्तीतून परत बोलवावं लागलं यातच काय ते आलं. पण ‘असा गट मिळता तर’ हे वाक्य त्यांच्या बाबतीत चालत नाही. मिळाला होता की!

२०२२च्या ‘पळाल्या’वर बोलताना राग येतो. स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात होती. भारत पहिला सामना इराणशी ०-० खेळला आणि त्यानंतर छावणीत कोरोना पसरला. तैवानविरुद्ध संघ उभा करायला किमान तेरा खेळाडू लागतात, तेवढ्याही धड उरल्या नाहीत. नियमाने भारताने माघार घेतल्याचं धरलं गेलं आणि इराणच्या सामन्याचा निकालही पुसला गेला. तो काळ सगळ्यांनी पाहिलाय. घरातला एक पॉझिटिव्ह निघाला की अख्ख्या गल्लीची कशी वाट लागायची, हे विसरून ‘पळाल्या’ लिहिणं हलकट आहे, दुसरा शब्द नाही.

जाता जाता उलट्या बाजूचीही एक चूक. कौतुकाच्या पोस्टींत ‘इतिहासात पहिल्यांदाच आशियाई चषकात’ असं छापतात. तसं नाही. १९८०च्या सुरुवातीला कालिकतला आणि १९८३मध्ये बँकॉकला भारत या स्पर्धेचा उपविजेता होता. बँकॉकच्या अंतिम सामन्यात हरवणारा संघ कोण? थायलंडच. पहिल्यांदा घडलं ते हे, की पात्रता फेरी खेळून, जिंकून जागा मिळवली.

राहिल्या भुसावळच्या पोरी. त्यांचं नाव चेष्टेत घेतलंय, तर उत्तर सरळ देतो. या संघातली सौम्या गुगुलोत निजामाबाद जिल्ह्यातल्या तांड्यावरची. चाळीसगाव, जामनेरकडे तसे तांडे कमी आहेत का? मनीषा कल्याण होशियारपूरकडच्या खेड्यातली, संगीता कल्याणीची. यांतलं महानगर एकही नाही. आपल्याकडे मुलींच्या फुटबॉलचा रस्ता कागदावर आहे: शालेय स्पर्धा, तालुका, मग जिल्हा, मग नाशिक विभाग, मग राज्य. सुब्रतो चषकात १७ वर्षांखालील मुलींचा गटही आहे. अडतं ते संध्याकाळी. ऊन कलल्यावर मैदानात जावं तर टेनिस बॉलवाल्यांनी खेळपट्टी आखलेली, एका कोपऱ्यात कुणाच्या लग्नाचा मांडव. मुली कडेच्या पट्टीवर, गोलपोस्टच्या जागी दोन दप्तरं. चेंडू पिचवर गेला की ओरडा खायचा. मंगोलियाला त्या हरवतील की नाही ते सोडा, आधी त्यांना अर्धं मैदान तासभर तरी मिळू द्या.

ऑस्ट्रेलियात दहा गोल खातील, हे भाकीत. खाऊ शकतात. मार्च २०२६च्या स्पर्धेत भारताच्या गटात जपान, २०११चा विश्वविजेता. पण २०१९च्या विश्वचषकात अमेरिकेने थायलंडला किती गोल मारले होते माहीत आहे? १३-०. त्याने थायलंडने तिथवर जाण्यासाठी खेळलेले सामने खोटे ठरले नाहीत. भारताचं बघायचं असेल तर व्हिएतनाम आणि तैवान यांच्याविरुद्धचे सामने बघा. तीन गटांतले पहिले दोन-दोन आणि तिसऱ्या क्रमांकाचे सर्वोत्तम दोन संघ उपांत्यपूर्व फेरीत, म्हणजे गोलफरक तिथेही मोजला जातो. पहिला सामना ४ मार्चला, व्हिएतनामशी.