स्टाफरूममधल्या बाकीच्यांचं काय?

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. शिक्षक पुरस्कारांवरचा माझा लेख कष्टाळू शिक्षकांचा पाणउतारा करतो, कौतुकच काढून घेतलं तर मास्तर झटतील कशाला, आणि माझ्या बोलण्याला पुरावा काय, असं तुम्ही विचारलंत. तुमच्या वडिलांना राज्य पुरस्कार मिळाल्यावर ते दुप्पट जोमानं शिकवू लागले, हेही लिहिलंत. ते मी मानतो. ‘पुरस्कारानं काहीच साधत नाही’ हे माझं वाक्य चुकीचं होतं, ते काढलं आहे.

पण माझा प्रश्न तुमच्या वडिलांच्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्यांबद्दल होता: एकाचा सत्कार झाला की त्यांची उमेद खचते का?

इंदूरला मी ज्या शाळेत होतो, तिथल्या एका सहकाऱ्याची पुरस्काराची फाइल मीच लावून दिली. फोटो, कात्रणं, दाखले. माणूस लायक होता, याबद्दल शंकाच नाही. त्याच स्टाफरूममध्ये गणिताच्या एक बाई होत्या. आठवीतल्या कच्च्या मुलांना शाळा सुटल्यावर तासभर थांबवायच्या आणि अपूर्णांक पुन्हा पहिल्यापासून शिकवायच्या. त्याचा फोटो कुणी काढला नव्हता. सत्कारानंतर पंधरा दिवसांत तो तास बंद पडला. मी विचारलं तर म्हणाल्या, “सर, बघतं कोण?” मला उत्तर देता आलं नाही, आजही ते बोचतं. मी तर रोज बघत होतो, पण एकदाही बोललो नव्हतो.

आता पुरावा. आंध्र प्रदेशात २००५ पासून कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी खेड्यांतल्या सरकारी शाळांत प्रयोग केला. मुलांचे सरासरी गुण ५ टक्क्यांहून जास्त सुधारले, की पुढच्या प्रत्येक टक्क्याला शिक्षकाला ५०० रुपये. दोन वर्षांत गणित आणि भाषा, दोन्हींत मुलं पुढे गेली. हे तुमच्या बाजूचं आहे, मी लपवत नाही. पण तिथे एकाला मिळाले म्हणून दुसऱ्याचे हुकत नव्हते, आणि नियम आधीपासून सगळ्यांना ठाऊक होता. आपल्याकडे शंभरांतून एकाला शाल मिळते.

दुसरा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचा. आधीच्या पूर्ण हजेरीबद्दल मुलांना अचानक पुरस्कार दिला, तर त्यांचे खाडे वाढले. आपण इतरांपेक्षा, शाळेच्या अपेक्षेपेक्षाही जास्त येतो, असा अर्थ मुलांनी काढला असावा, असं संशोधकांना वाटतं. हा अभ्यास विद्यार्थ्यांचा आहे, शिक्षकांना तो जसाच्या तसा लावणार नाही. तरी बक्षीस दिलं की उमेद वाढणारच, हे गृहीत धरता येत नाही, एवढं तो नक्की सांगतो.

राष्ट्रीय पुरस्कार १९५८ पासून आहे. रौप्यपदक आणि ५०,००० रुपये. २०१८ पासून शिक्षक स्वतःच ऑनलाइन अर्ज करू शकतो. वशिल्याला त्यानं थोडा आळा बसला, हे चांगलंच झालं. पण अर्जासोबत कामाचे पुरावे जोडावे लागतात, आणि आमच्या बाई असा अर्ज कधीच भरणार नाहीत.

म्हणून पुरस्कार बंद करा असं मी म्हणत नाही. मुख्याध्यापकांनी महिन्यातून एकदा प्रत्येकाच्या वर्गात मागच्या बाकावर बसावं आणि जे चांगलं दिसलं ते त्याच दिवशी त्या शिक्षकाला सांगावं, एवढं मागतो आहे.

तुमच्या वडिलांना एक विचाराल का? त्या वर्षी त्यांच्या शाळेतले बाकीचे शिक्षक त्यांच्याशी कसे वागले? जे सांगतील ते इथे जरूर लिहा.