पिवळा कुर्ता, आडव्या पट्ट्या आणि 'लपवणं': एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली आणि लगेच उत्तर लिहायला घेतलं, पण निम्म्यावर आल्यावर पुसून टाकलं कारण त्यात मी नुसती माझी बाजू मांडत होते. आज परत सावकाश वाचली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, मागच्या लेखात मी लिहिलं होतं की अंगाने भरलेल्या बायकांनी आडव्या पट्ट्या टाळाव्यात, सावळ्या रंगावर भडक पिवळा नको, आणि पोट लपवायला अमुक कट घ्या, शिवाय शेवटी दहा ॲक्सेसरीजची यादी. त्यावर ताईंनी लिहिलंय की असं वाचून बाई आरशासमोर स्वतःच्या अंगातल्या चुका शोधायला उभी राहते आणि मग दुकानात जाते. आणि त्यांच्या मुलीने हा लेख वाचून तिचा आवडता पिवळा कुर्ता कपाटाच्या तळाशी ठेवून दिला.

ते कुर्त्याचं वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाहीये.

आधी पट्ट्यांचं. ते मी चक्क ऐकीव लिहिलं होतं, सगळे म्हणतात म्हणून मीही म्हटलं. खरं तर हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६७ मध्येच लिहून ठेवलंय की दोन सारखे चौकोन घेतले, एक आडव्या रेघांनी भरला आणि एक उभ्या, तर आडव्या रेघांचा उंच दिसतो आणि उभ्यांचा रुंद, म्हणजे आपण समजतो त्याच्या अगदी उलट. २०११ मध्ये यॉर्क विद्यापीठातल्या पीटर थॉम्पसन आणि किरियाकी मिकेलिडू यांनी हेच कपड्यातल्या आकृत्यांवर करून पाहिलं, आणि आडव्या पट्ट्यांनी जाड दिसतं असं काही त्यांना आढळलं नाही. मग आपल्याला तसं का वाटतं? मला वाटतं पट्टी चुगली करते म्हणून. कापड जिथे ताणलं जातं तिथे सरळ रेघ वाकते आणि नजर तिथेच जाते, प्लेन कापडात तोच ताण दिसून येत नाही. म्हणजे कपडा तंग आहे, एवढंच ती पट्टी सांगत असते.

आता रंग, आणि इथे माझी चूक जास्त मोठी आहे. शेजारी शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना बदलून दाखवतात हे शेव्हरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ च्या पुस्तकात सविस्तर मांडलंय. तो पॅरिसच्या गोब्लाँ या विणकामाच्या कारखान्यात रंगाई खात्याचा प्रमुख होता, काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली तेव्हा त्याने तपासलं तर रंगात काहीच खोट नव्हती, शेजारच्या धाग्यांमुळे तो तसा दिसत होता. चेहऱ्याजवळच्या कापडाचंही हेच होतं. पिवळ्याशेजारी सावळा रंग अजून गडद दिसेल, अगदी मान्य. पण गडद दिसणं वाईट, हे त्यात कुठे आलं? ते मी माझ्या पदरचं घातलं. मी तसं मानत नाही आणि तरी लिहिलं, कारण लहानपणापासून कानावर तेच पडलंय. त्याबद्दल तुमची आणि तुमच्या मुलीची मनापासून माफी मागते. रंग बघायचाच असेल तर कापड घेऊन दिवसा खिडकीपाशी उभं राहावं, दुकानातल्या दिव्यांखाली त्याचा खरा रंग कळतच नाही, आणि आपल्याला आवडला की बास.

पण ताई, सगळे स्टायलिंगचे सल्ले बंद करा असं जे तुम्ही म्हणता ते मला पटत नाही. सल्ला नसला तरी बाई स्वतःलाच दोष देते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. माझी एक मैत्रीण नवीन कुर्ता घालून सारखी तो खाली ओढत होती, म्हणे माझे दंडच जाड आहेत गं, मला काही बसतच नाही. मी तिला नीट उभं केलं. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर यायला हवी ती दोन बोटं खाली दंडावर उतरलेली, आणि मुंढा, म्हणजे बाही जोडतात ते भोक, इतका खोल की हात वर केला की अख्खा कुर्ता वर चढायचा. मुंढा खोल असला की मोकळं वाटतं असं आपण समजतो पण होतं उलटं, काखेच्या जवळ बसणारा मुंढा असेल तरच हात सुटा फिरतो. टेलरने बाह्या उसवून खांदे आत घेतले, खांद्याच्या शिवणीतूनही थोडं घेतलं म्हणून मुंढा वर आला. दंड तेच. तिने घालून बघितला, दोन्ही हात वर केले, आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.

हे तिला कुणी आधी सांगितलं असतं तर? म्हणून लिहायचं असतं मला. बाजूने कमी करणं सोपं, वाढवायचं तर आत माया, म्हणजे शिवणीत सोडलेलं जास्तीचं कापड, लागते, आणि खांदा दुरुस्त करणं सगळ्यात कटकटीचं, म्हणून रेडीमेड घेताना आधी खांदा बघावा. छाती भरलेली असेल तर मात्र छातीला बसेल तो घ्यावा आणि खांदा करून घ्यावा. टक्सचं, म्हणजे आकार यावा म्हणून कापडाला घातलेल्या चिमटीचं, टोक छातीच्या उंचवट्याच्या साधारण इंचभर अलीकडे थांबलं पाहिजे, नाहीतर तिथे चोच येते आणि आपण ब्राला नावं ठेवत बसतो.

यादी काढून टाकतेय, ते तुमचं बरोबर. चेन किती लांब हवी हे बघायला विकत काही घ्यावं लागत नाही, दोरा गळ्यात धरून बघायचा, साधारण १६ इंचाची गळ्यालगत बसते, १८ ची गळ्याच्या हाडाच्या जरा खाली, आणि ड्रेसच्या गळ्याच्या काठावरच येणारी सोडून कुठलीही छान दिसते. कानातल्यांचं एक मात्र ठेवणार आहे. ॲलर्जी होणार नाही असं सांगून विकलेल्या कानातल्यांनी माझ्या कानाच्या पाळ्या आठवडाभर लाल, ओल्या, खाजऱ्या होत्या, कारण त्यातला निकेल हा धातू. ही ॲलर्जी एकदा झाली की सहसा जन्मभर राहते. युरोपीय संघात टोचलेल्या भागात जाणाऱ्या दांडीतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरला ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमीच निकेल सुटलं पाहिजे असा नियम आहे, इतकी ही गोष्ट गंभीर आहे. दांडी टायटॅनियमची घ्यावी, आणि वरच्या डिझाइनचा कातडीला टेकणारा भागही निकेल सोडणारा नाही ना ते बघावं.

लेखात 'लपवणं' हा शब्द सात वेळा आला होता, मोजला. सातही काढले.

आणि मुलीला सांगा, तो पिवळा कुर्ता बाहेर काढ म्हणावं. घातल्यावर दोन्ही हात वर करून बघ, खांद्याची शिवण हाडावर येतेय ना बघ. नसेल येत तर टेलरकडे दे, येत असेल तर उद्याच घाल.